तिचं इंजिन

अपघातात लेक गेली, तिची गाडी मागून चिरडली, पण इंजिन शाबूत निघालं. “ते भंगारात जाऊ देणार नाही,” म्हणत मेकॅनिक बापाने स्वतःच्या तशाच गाडीत बसवलं. बसवून आज तिसरा दिवस. बॅटरी नवी, पेट्रोल येतंय, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही केल्या चालू होईना. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मीटरवर लुकलुकणारं चावीचं चित्र बघून तो हसला. “काका, उभा जन्म गॅरेजात काढलात आणि एवढं विसरलात? इंजिनाबरोबर त्या गाडीचा कॉम्प्युटरही बसवलात. तो तिचीच चावी ओळखतो. आणा बघू.” बापाने ड्रॉवर उपसले, लेकीची पर्स पालथी केली. दारातून बघणारी आई म्हणाली, “अहो, नका शोधू. तिला शेवटचं नेताना मीच तिच्या मुठीत ठेवली. चावी विसरली की अर्ध्या वाटेतून परत यायची ना ती. कशाला दिली हो मी?”