भरलेल्या जागा

उंदराच्या पाठीवरून बोट फिरवत गोगटे सर नेहमी पुटपुटायचे, "शांत हो, बाळा." मग एका झटक्यात मान मोडायचे. घाबरलेलं जनावर या प्रयोगाला चालत नसे. मूत्रपिंडात, भीतीनं रक्तात सुटणारं अ‍ॅड्रेनलिन पकडणाऱ्या जागा असतात, अल्फा आणि बीटा जातींच्या. कोणतं औषध कुठे चिकटतं, त्यावरून सरांची सहायक मैथिली त्या जागांची जात ओळखायची. भीतीनंच जागा भरल्या, तर औषध बसणार कुठे?

आज मात्र तुकडा माणसाच्या मूत्रपिंडाचा होता, सरांच्या पत्नीच्या. परवा त्या झोपेतच गेल्या, असं सर म्हणाले. महिन्यापूर्वीच संस्थेच्या हळदीकुंकवात त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "मी गेले की माझं मूत्रपिंड मैथिलीच्याच हाती द्या हो." तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. मैथिलीचा गुरुवारचा उपास होता. तिनं तुकड्याला आधी हात जोडले, मगच काम हाती घेतलं.

अल्फाचं औषध चिकटलं नाही. बीटाचंही नाही. तिनं तुकडा पुन्हा धुतला, नव्या कुपीतलं औषध घातलं, तरी एकही जागा रिकामी मिळेना.

झोपेत गेलेल्या बाईंना एवढी भीती कशाची वाटली असेल?

"काय गं, काय दिसलं?" सर मागेच उभे होते.

"काही नाही, सर. माझंच काहीतरी चुकलं." पण तिनं वहीतले आकडे तळव्यानं झाकले, ते त्यांनी पाहिलं.

सरांनी दाराला कडी घातली, परत आले आणि तिच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं.

"शांत हो, बाळा."