दर मिनिटाला एक फोटो

"तुम्ही लिहिलं नाही, मग धोंडीराममामांना हे पाठवलं कोणी, बाबा?" किशोरने मोबाइल पुढे केला.

यादवरावांनी वाचलं. त्यांच्याच नावाने गेलेला मेसेज होता. 'माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस.' निफाडचा धोंडीराम त्यांचा मेहुणा. बहीण वारली तरी द्राक्षांच्या हंगामात पेटी घेऊन न चुकता येणारा.

"घरच्या कॉम्प्युटरवर माझं व्हॉट्सॲप उघडंच असतं," ते म्हणाले. "दिवसभर त्याच्यापुढे कोण बसतं, ते बघ."

दिवसभर बसायची ती त्यांची सून, निकिता. घरूनच नोकरी करायची. ती स्वयंपाकघरातून आली आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"चुकलं माझं, बाबा."

"तू?" किशोर बघतच राहिला. "पण का?"

ती आत निघून गेली.

विषय तिथे मिटायला हवा होता. पण थोड्याच दिवसांत गोटीरामलाही तसाच मेसेज गेला. गोटीराम म्हणजे सातपूरच्या कारखान्यातला यादवरावांचा जुना सोबती. यादवरावांनी पुन्हा निकिताचंच नाव घेतलं. या वेळी मात्र किशोरने ऐकून घेतलं नाही.

"कबूल केलं असलं तरी ती असं करणार नाही, बाबा. पुरावा आहे का तुमच्याकडे?"

यादवरावांची सगळी नोकरी मशिनचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली होती. पुरावा मिळवणं त्यांना अवघड नव्हतं. कॉम्प्युटरने दर मिनिटाला स्वतःच्याच पडद्याचा फोटो काढायचा आणि गुपचूप एका फोल्डरमध्ये टाकायचा. दहा-बारा ओळींचं काम. पहिल्यांदा त्यांनी सगळ्या फोटोंना एकच नाव दिलं. नवा फोटो जुन्याला पुसायचा, शेवटचा तेवढा उरायचा. त्यांनी नावात वेळ घातली. दुसऱ्या दिवशी बघतात तर तीच चूक पुन्हा. सेव्ह करायचं राहिलं असेल म्हणून त्यांनी ती परत दुरुस्त केली. मग प्रोग्रॅम नीट चालला.

निकिता भाजीला गेली तेव्हा त्यांनी फोल्डर उघडलं. ऑफिसचे तक्ते. वणीला एकटीच राहणारी तिची आई, व्हिडिओ कॉलवर डोळे पुसताना. मोरपंखी साडी, पुन्हा तीच साडी, पुन्हा तीच, आणि ती न घेताच बंद केलेलं पान. न ठोठावता सुनेच्या खोलीत शिरल्यासारखं त्यांना वाटलं. कान तापले. हे सगळं पुसून टाकावं, असं एकदा मनात आलं.

तेवढ्यात गोटीरामला लिहिलेल्या आणखी एका मेसेजचा फोटो दिसला. अर्धवट टाइप केलेल्या शिव्या. पण फोटोत अक्षरंच होती, बोटं कोणाची ते दिसत नव्हतं. त्यांनी प्रोग्रॅम चालूच ठेवला.

निकिता चहा घेऊन आली की ते आता तिच्याकडे बघत नसत. कप घेताना मान खाली जायची.

रविवारी सकाळी हवं ते सापडलं. निकिताच्या स्वतःच्या खात्यावरून गेलेला मेसेज, वर नाव धोंडीराममामांचं. फोटो मोठा करून वाचायचीही त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी हाक मारली.

"किशोर, इकडे ये. निकिता, तूही ये."

पडद्यावर ओळीने लागलेले फोटो पाहून निकिताचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही हिच्यावर पाळत ठेवलीत?" किशोरचा आवाज चिरकला. "आपल्या घरात?"

यादवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते झाकायला त्यांनी आवाज चढवला. "पुरावा मागितलास ना? मग ऐक आता."

"बाबा, नका वाचू," निकिता पुढे आली. "पाया पडते तुमच्या. मीच केलं सगळं. मी कबूल करते ना."

"का? मामाला काय लिहिलंस ते नवऱ्याला कळू दे की." त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा केला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"मामा, गोटीरामकाकांना गेलेला दुसरा मेसेजही बाबांनीच लिहिला. मी मागे उभी होते. तासाभराने विचारलं तर त्यांना काहीच आठवत नव्हतं. किशोरला अजून सांगितलेलं नाही. हे सगळं मीच करते, असं बाबांना वाटतंय. तसंच वाटू दे."