पाचवी पायरी

लोरेटा झिएलिन्स्की नापास व्हायच्या तयारीने आली होती. पुस्तक उघडलं नव्हतं, टिपणं घरी ठेवली होती, आणि शाळेत घालायचा तो विटका निळा स्वेटर मुद्दाम चढवला होता. धर्मशिक्षणातल्या एम.ए.ची तोंडी परीक्षा. समोर तीन परीक्षक, मागे बंद दार, आणि दाराबाहेर तिच्या चर्चचे फादर म्रोझ, मांडीवर केकचा खोका घेऊन बसलेले.

पास झाली, तर येत्या रविवारी भर चर्चमध्ये, वेदीपुढे, बायबलवर हात ठेवून 'माझी श्रद्धा आहे' असं तिला मोठ्याने म्हणावं लागणार होतं. मग चर्चमधल्या सगळ्या मुलांचं धर्मशिक्षण कायमचं तिच्या गळ्यात. नापास झाली, तर कोणी काही विचारणार नव्हतं. गणित शिकवायला ती मोकळी.

अडचण एवढीच, की ईस्टरपासून श्रद्धा उरली नव्हती. काही घडलं नव्हतं. भांडण नाही, मरण नाही. एका सकाळी ती प्रार्थनेला बसली आणि पलीकडे कोणी नाही हे तिला कळलं, रिकाम्या घरात पाऊल टाकताच कळतं तसं. फादरना सांगायला ती गेलीही होती. पण त्यांनी बहिणीने केलेल्या पिएरोगींचं, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, ताट पुढे सरकवलं, आणि भरल्या तोंडाने असलं काही बोलता येत नाही.

मुख्य परीक्षक सिस्टर रोझालिंड. वय ऐंशीच्या घरात, चेहरा सुकवलेल्या सफरचंदासारखा. मागे भिंतीवर त्यांचा लाडका तक्ता होता: श्रद्धेच्या सहा पायऱ्या. तळाशी मूल, टोकाला संत. या तक्त्यावर उभं केल्याशिवाय त्या कोणालाही कॉलेजबाहेर जाऊ देत नसत.

"आठ वर्षांच्या मुलांना प्रार्थना कशी शिकवतेस?"

"शिकवत नाही," लोरेटा म्हणाली. "गप्प बसवते."

खोटं नव्हतं. ईस्टरपासून तिच्या तोंडून शब्द फुटत नसत, म्हणून प्रार्थनेच्या वेळी ती मुलांना घड्याळाकडे बघत बसवून ठेवायची.

"मौन," दुसरा परीक्षक, तरुण प्राध्यापक डॉक्टर हॉगन, हळूच म्हणाला आणि लिहू लागला. त्याने शब्दाखाली ओढलेल्या दोन रेघा तिला समोरूनही दिसल्या.

आजोबा वारले, ते कुठे गेले, असं एखाद्या मुलाने विचारलं तर? मला माहीत नाही असं सांगते, लोरेटाने सांगितलं. तिसरे परीक्षक, सेमिनरीतून आलेले जाडजूड फादर, यांनी डोळे मिटले. चिडले असावेत, असं वाटून तिला बरं वाटलं. पण डोळे उघडले तेव्हा ते पाणावलेले होते. इतकी नम्रता हल्ली बघायला मिळत नाही, असं ते म्हणाले. पुढचं उत्तर तिने आणखी बिघडवलं. ते त्यांना आणखी आवडलं. जीव द्यायला निघालेल्या माणसाला दर वेळी काठावर ओढून वर शाल पांघरावी, तसं चाललं होतं.

शेवटी तिने सरळच सांगून टाकलं.

"देव आहे असं मला वाटत नाही, सिस्टर."

हॉगनचं पेन थांबलं. दाराबाहेर खुर्ची करकरली. सुटले एकदाची, लोरेटाला वाटलं.

सिस्टर उठल्या, काठी टेकत तक्त्यापाशी गेल्या आणि पाचव्या पायरीवर बोट ठेवलं. बाकीच्या पायऱ्या कोऱ्या करकरीत होत्या. पाचवीचा रंग बोटं लागून लागून पार उडाला होता.

"अंधार," त्या म्हणाल्या. "फार थोडी माणसं इतकी वर पोचतात."

"मी वर नाही पोचले. मी बाहेर पडलेय."

"इथे तसंच वाटतं."

"मग बाहेर पडायचं दार कुठे आहे?"

"जिन्याला दार नसतं गं," सिस्टर म्हणाल्या.

हॉगनने तेही लिहून घेतलं.

निकाल लगेच लागला. विशेष प्रावीण्य. फादर म्रोझ यांनी खोक्यासकट तिला मिठी मारली. केकवर साखरेने तिचं नाव बेकरीतूनच लिहून आणलं होतं, हुद्द्यासकट. रविवारची काळजी करू नकोस, त्यांनी समजावलं. एकच तर वाक्य आहे. "मी चाळीस वर्षं म्हणतोय. जीभ आपोआप वळते."

मग प्रथेप्रमाणे फोटो, कॉलेजच्या बाहेरच्या जिन्यावर. तळ्यावरून बोचरा वारा येत होता. लोरेटा अगदी खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तिथून बसस्टॉप दिसत होता.

"तिथे काय करतेस? वर ये," सिस्टरनी हाक मारली.

ती वर गेली. एका बाजूला सिस्टर, खांद्याला खांदा लावून. दुसऱ्या बाजूने फादर म्रोझ केक सांभाळत चढत होते. हॉगन खाली उभा राहून फोन रोखत होता आणि सगळ्यांना हसायला सांगत होता. लोरेटा हसली. हसू न मोडता तिने ओठांतल्या ओठांत विचारलं,

"सिस्टर, त्या पाचव्या पायरीवर तुम्ही किती दिवस होतात?"

"होते म्हणजे?" सिस्टर कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या. "थोडी सरक गं. फादरना जागा दे."