मागचं फाटक

"मल्लम्मा, खरं काय ते संपातल्या लोकांला सांगून टाक," गोळी लागून मरताना तिचे यजमान गुरुबसप्पा बोलले होते, आणि तिने गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून 'होय' म्हटलं होतं. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली.

बंद पडलेल्या मिलसमोर दरवर्षी संपातल्या गोळीबारात गेलेल्या कामगारांची नावं पुकारतात, आणि घरचं माणूस उठून 'हजर' म्हणतं. मल्लम्माचं त्या दिवशी मौन असतं. तिच्या वतीने लेक मंजुश्रीच ओ देते. लोक मौनाच्या पाया पडतात.

यंदा सुगत, समोर मांडलेल्या फोटोंपैकी गुरुबसप्पांच्या फोटोसाठी हार घेऊन तिच्याकडे आला. त्याचा बापही त्याच दिवशी गेलेला. "काकू, मिलच्या मागच्या फाटकाला काकांचं नाव देतोय आम्ही. एकटेच गेलते न्हाई का ते फाटक अडवायला?"

मल्लम्मा हार हातात धरून बसून राहिली. अडवायला कुठले? संप मोडून, त्या फाटकातून गुपचूप कामावर चालले होते ते. मंजुश्री तान्ही होती, घरात पीठ नव्हतं. 'एक पाळी तरी करून या,' म्हणत तिनेच धाडलं होतं. ज्या तोंडाने शिवाचं नाव घ्यायचं, त्या तोंडाने 'हजर' म्हणवेना, म्हणून तर हे मौन.

"गुरुबसप्पा!" पुकारा झाला.

मंजुश्री उठली. मल्लम्माने तिला हाताला धरून खाली बसवलं, हातातला हार सुगतच्या बापाच्या फोटोला घातला आणि हळूहळू माईककडे चालू लागली.