पडद्याच्या इकडून

मोतीरामची बोटं आपोआप सुरू झाली. पालथ्या घमेल्यावर ठक, ठक-ठक, ठक. चतुराबाईनं अंधारातच नवऱ्याचं मनगट धरलं.

"आवं, लोकं आयकून राहिले."

भातकुलीच्या अलीकडच्या त्या गावात सिनेमे दाखवणारी प्रचाराची गाडी आली होती. चावडीसमोर दोन लिंबांना पांढरं कापड बांधून त्यावर अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गाण्यांचा माहितीचा सिनेमा चालला होता. काल पहिला भाग झाला, आज दुसरा. गाव पडद्याच्या पुढं बसलं होतं, बौद्धांची वस्ती मागं. तसं कोणी सांगितलं नव्हतं. उलट गाडीवाल्यानं कालच हात जोडले होते, की बाबांनो, मागून चित्र उलटं दिसतं, पुढं या. वस्तीतलं कोणी हललं नाही, अन् पुढच्यांनी सरकून जागाही केली नाही.

सुरुवातीला सारे हसलेच. अमेरिका अमेरिका म्हणतात, तर तिथंही कापूसच!

"माय वं, यांच्या कमरेले कापूस येचाची ओटी कुठी हाय?" वस्तीतली भागीरथा म्हणाली. "मोठालं पोतं घासरत नेऊन राहिल्या बाया. पाठीचं काय होत असन?"

मग गाडीवाल्यानं भोंग्यावरून सांगितलं, की या लोकांच्या आज्या-पणज्यांना बाजारात विकायचे, बैलासारखे दात पाहून. त्यानंतर पडद्यामागं कोणी हसलं नाही. अन् मग तो म्हातारा आला. मांडीवर तारांचं वाद्य, डोळे मिटलेले. शब्द कोणाला कळतात? पण रडणं कळायला काय शाळेत जावं लागतं? "तुमच्यावानी डावराच हाय, डाव्याच हातानं वाजवते," चतुराबाई नवऱ्याला पुटपुटली. तेव्हापासूनच मोतीरामची बोटं सुटली होती.

रीळ संपलं. गाडीवाल्यानं बत्ती लावली.

"मोतीराम!" पडद्यापलीकडून खुशालराव पाटलाचा आवाज आला. "पायलं का? त्यानं सोडलं का वाजवणं? अन् तुमी बसले रुसून. परवा आमच्या देवरावचं लग्न हाय. अमरावतीहून बँड येते, पण डफड्याबिगर मांडव मुका वाटते. ये घेऊन. मांडवाच्या बाहेर बसजो अन् वाजवजो."

मोतीरामचा देवीदास ताडकन उठला. वस्तीतला पहिला मॅट्रिक पोरगा, अन् रागातही पहिलाच. "छप्पन साली दीक्षा घेतली, अन् डफडी जाळली आमी, पाटील. वस्तीत एकही नाही."

"मंग घमेलं काहून बोलून राहिलं होतं मघापासून?"

पुढची माणसं खो-खो हसली.

चतुराबाईनं घमेलं आपल्याकडं ओढलं. एक होतं. जाळायच्या दिवशी तिनं आगीत फुटक्या चाळणीचं कडं टाकलं होतं, अन् नवऱ्याचं डफडं ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवलं होतं. मोतीरामला ठाऊक होतं. पण दोघांनी त्यावर कधी शब्द काढला नव्हता. आता खरं सांगावं तर वस्ती वाळीत टाकेल, अन् पाटील परवा मांडवाबाहेर नेऊन बसवेल. इकडे आड, तिकडे विहीर.

देवीदास वळला. "बाबा, खरं सांगा. हाय का?"

 मोतीरामनं मान उंच करून गाडीवाल्याला हाक मारली. "साहेब, तो म्हातारा कोणाच्या दारात बसला होता?"

गाडीवाला नवं रीळ चढवत होता. "कोणाच्या म्हणजे? त्याच्याच. स्वतःच्या घरासमोर."

"मालकानं बलावलं नव्हतं?"

"छे हो. मनात येईल तेव्हा वाजवायचा."

मोतीराम बायकोकडं वळला.

"चतुरा," तो म्हणाला, "आण."

ती उठली. घराकडं गेली. आली तेव्हा एका हातात ज्वारीच्या धुळीनं भरलेलं डफडं होतं अन् बगलेत कापसाच्या मूठभर वाळक्या पऱ्हाट्या. वस्ती बघतच राहिली. देवीदासचा चेहरा तर पाहवत नव्हता. मोतीरामनं पऱ्हाट्या पेटवल्या अन् सैल पडलेलं चामडं आगीवर धरलं.

"शाब्बास!" पाटील ओरडला. "ये इकडं, पुढं ये."

"नाही जी," मोतीराम बसल्या जागेवरून म्हणाला. "दुसऱ्याच्या दारात जाऊन वाजवणं जळालं, ते जळालंच. हे माह्यासाठी हाय. तुमाले आयकाचं असन तं पडद्याच्या इकडं या."

अरे बाप्पा! पाटलाला पडद्यामागं बोलावणं! आग विझायला आली होती. देवीदासनं खाली वाकून उरलेल्या पऱ्हाट्या तिच्यात सारल्या. 

तेवढ्यात कापडाला वळसा घालून खुशालराव आलाच. हातात काठी.

"कोणाले बलावून राहिला बे तू?"

काठी वर गेली. बाया पोरांना ओढून मागं सरकल्या. मोतीराम उठला नाही. गाडीवाल्याला पडद्यामागचं काय दिसणार? त्यानं बत्ती विझवली अन् रीळ सोडलं. कापडातून आलेला उजेड साऱ्यांच्या तोंडावर पडला, पाटलाच्याही. त्याची नजर पडद्यावर गेली. मघाचाच म्हातारा होता, तेच वाद्य, पण वाजवणारा हात दुसराच, डावा. खाली अक्षरं होती, तीही भलतीकडून निघालेली.

"हे सारं उलटं काहून दिसून राहिलं?"

"इकडून असंच दिसते, पाटील," चतुराबाई म्हणाली. "बसा."

काठी अजून वरच होती. मोतीरामनं डाव्या हातानं पहिला ठोका टाकला.