पडद्यामागचे पाय

"खुर्ची बदलून देऊ का?" तालाच्या सरांनी विचारलं. "मघापासून चुळबुळ चाललीय तुमची."

"खुर्ची बरी आहे," नृत्याच्या बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीवर दाबून बसल्या.

समोर काळा पडदा होता, पडद्यामागे लाकडी मंच. संगीत आणि नृत्य एकत्र शिकवणाऱ्या या कॉलेजात प्रवेशाची शेवटची फेरी कानांनी घेत. पायांत संगीत नसेल तर बाकीचं शिकवून उपयोग नाही, असं इथलं मत. नाव नाही, चेहरा नाही, फक्त क्रमांक. पूर्वी परीक्षक मंचाकडे पाठ करून बसत आणि हटकून कुणाला तरी मान वळवायची हुक्की येई. यंदाचा पडदा बाईंनीच भांडून लावून घेतला होता, कारण यंदाही उमेदवारांत त्यांची लेक होती आणि या वेळी परीक्षकांत त्या स्वतः होत्या.

"पडदा असल्यावर कोण बोट दाखवणार?" तिसरे परीक्षक असलेले प्राचार्य म्हणाले होते.

लेकीचा प्रवेश याआधी दोनदा हुकला होता, दोन्ही वेळा डाव्या टाचेपायी. बाईंचा घोटा तरुणपणी मोडला, तेव्हापासून त्यांची डावी टाच किंचित उशिरा टेकते. लेक आईचे पाय बघत नाचायला शिकली. तिचा घोटा धडधाकट, पण टाच मात्र आईची आली. बाई सांगून सांगून थकल्या. मागच्या निकालानंतर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं.

"आता तुझ्यापुढे पाऊल टाकणार नाही," लेक म्हणाली आणि तिने घरात नाचणं खरंच सोडलं.

संध्याकाळी ती एका हॉलवर शिकवायला जायची, एवढंच बाईंना ठाऊक. स्वतःचं जिथे चुकतंय तिथे दुसऱ्यांना काय शिकवणार, असं त्या एकदा बोलून गेल्या. त्यानंतर लेकीने हॉलचा विषयच घरात काढला नाही.

आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. बाईंची चुळबुळ चालली होती ती त्यामुळेच.

पहिले तिघे आले तसे गेले. मग चार नंबर आला. संथ लयीत सुरुवात, मग दुप्पट, मग चौपट, आणि कुठेही धांदल नाही. दोन्ही टाचा अगदी सारख्या पडत होत्या. तालाच्या सरांनी डोळे मिटून मान डोलावली. बाईंना त्या पायांचा हेवा वाटला. कुणाचं लेकरू असेल हे, अशी टाच माझ्या पोरीला का नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

पाच नंबर घाबरला, सहा नंबर अडखळला.

सात नंबरने पाय आपटला आणि बाई खुर्चीत पुढे सरकल्या. पावलात जोर होता, हौस होती, आणि प्रत्येक वेळी डावी टाच केसभर मागे राहत होती. हजार पायांत त्यांनी तो आवाज ओळखला असता. त्यांना रडू आलं आणि रागही आला. इतकं सांगूनसुद्धा पोरीने तीच टाच इथवर आणली होती.

उरलेले कधी नाचून गेले, त्यांना कळलंही नाही.

जागा एकच होती. "माझ्याकडे चार आणि सात बरोबरीत आहेत," प्राचार्य म्हणाले.

"माझा चार," सर म्हणाले. "यात विचार कसला करायचा?"

"बाई, तुमचं काय?"

बाईंना खरं उत्तर ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला झुकतं माप दिलं नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण दुसरीकडे पोरीचं सगळं आयुष्य होतं.

"चार नंबर अचूक आहे," त्या म्हणाल्या, "पण घोकल्यासारखा वाटतो. सातच्या पायांत जीव आहे."

"आणि टाच?"

"टाच माझ्यावर सोडा. ती मी सुधारून घेईन."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. "नृत्यातलं तुम्हाला जास्त कळतं," एवढंच ते म्हणाले. नृत्याच्या बाईंचाच शब्द शेवटचा, असा तिथला शिरस्ता होता. प्राचार्यांनी सात नंबरवर खूण केली.

शिपायाने सात नंबरला आत आणलं. बाईंनी चेहऱ्यावर नवल आणायची तयारी ठेवली होती.

दारातून एक उंच, सावळी मुलगी आली. बाईंनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. त्या तिच्या मागे दाराकडे बघत राहिल्या, पण मागे कुणीच नव्हतं.

"अभिनंदन," प्राचार्य म्हणाले. "शिकलीस कुणाकडे?"

"बाईंच्या मुलीकडे." मुलगी आनंदाने बाईंकडे वळली. "ताईंची टाच पूर्वी उशिरा पडायची. मला वाटलं ते तसंच करायचं असतं, म्हणून मीही तसंच उचललं. त्यांनी त्यांची घालवली. माझी काही जाईना."

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"चार नंबरलाही बोलवा," प्राचार्य शिपायाला म्हणाले. "एवढ्या थोडक्यात हुकलंय, समोरच सांगितलेलं बरं."

लेक आत आली. कपाळावर घाम होता, पण चेहरा फुललेला होता. ती सरळ आईपाशी आली आणि हलक्या आवाजात तिने विचारलं,

"आई, मी कुठली ते तुला ओळखता आलं नाही ना?"