उसातला वाघ

"दोर मी ओढणार नाय, साहेब," सहादू म्हणाला.

पिंजरा ट्रकच्या हौद्यात होता, पिंजऱ्यात बिबट्या होता आणि वनरक्षक सहादू केबिनच्या टपावर बसला होता. पिंजऱ्याच्या दाराचा दोर त्याच्या हातात. खाली केबिनमध्ये, ड्रायव्हर निसारशेजारी, काच अर्धी वर करून रेंजरसाहेब बसले होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. निफाडकडच्या कुणा बड्या बागाईतदाराने वर फोन फिरवला. दोन दिवसांत त्याच्या उसातला बिबट्या पिंजऱ्यात आला आणि तिसऱ्या दिवशी इगतपुरीच्या डोंगरात. डोंगरातही माणसं राहतात. पण सत्त्याऐंशी साल उजाडलं तरी त्यांच्याकडे फिरवायला फोन नव्हता.

खाली उतारावर, हाकेच्या अंतरात, सहादूचा पाडा होता. चाळीस घरं, कुडाची शाळा आणि त्या शाळेत त्याची दोन नातवंडं.

"अरे, जंगलातलं जनावर जंगलात सोडतोय," साहेब म्हणाले. "तुझं काय जातंय त्यात?"

"ह्यो जंगलातला नाय, साहेब. उसात जन्मला, उसातच वाढला."

सहादू उगाच बोलत नव्हता. सकाळी घोटीच्या बाजारात ट्रक थांबला, तेव्हा शे-दोनशे माणसं पिंजऱ्याला चिकटली होती. कुणी शिट्ट्या घातल्या, कुणी खडे मारले. हा पठ्ठ्या पंजांवर हनुवटी टेकून पडून राहिला. डोंगरात आल्यावर मात्र झाडावरचं एक वानर खेकसलं, तर अंग चोरून कोपऱ्यात गेला. एकोणतीस वर्षं रानात घालवलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. ह्याला माणसं ओळखीची होती आणि रान परकं.

पाड्याच्या वाघांचं तसं नव्हतं. दर वाघबारशीला गुराखी वाघदेवाच्या दगडापुढे खीर शिजवत. त्यांच्यातला एक जण वाघ होई. बाकीचे त्याला विचारत, आमच्या शिवेत येशील का? तो नाही म्हणे, आणि मग सगळे आरोळ्या ठोकत त्याला रानात पिटाळत. खेळ वर्षातून एकदाच, पण आरोळी रोजची. मोळीला निघालेली बाईसुद्धा हाळी देत चाले, आणि वाघ वाट सोडून देई. पिढ्यान्‌पिढ्या दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. सहादूने हे साहेबांना वाटेतच सांगितलं होतं, तेव्हा ते पोट धरून हसले होते.

"मग ह्यालाही ठोक की आरोळी, पळेल," साहेब आता म्हणाले. "दोन वर्षांवर पेन्शन आली तुझी. निसार, त्याच्याकडून दोर घे."

निसारने खिडकीतून हात वर केला. सहादूने दोर घट्ट धरला होता, पण पेन्शनचं नाव निघालं आणि मूठ सैल पडली. त्याबद्दल त्याला पुढे जन्मभर स्वतःचा राग येत राहिला. निसारने मान खाली घालून दोर ओढला.

दार वर गेलं. बिबट्या खाली उतरला, पण पळाला नाही. त्याने रानाकडे पाहिलं आणि चाकाशी अंग दाबून उभा राहिला.

तेवढ्यात पाड्यावर शाळेची मधली सुट्टी झाली. पोरांचा कालवा वर आला. बिबट्याने कान टवकारले आणि तो पायवाटेला लागला. ना घाई, ना भीती. रोजच्या रस्त्याने निघाल्यासारखा उतरत राहिला.

खाली सहादूची नातवंडं होती. त्याने टपावरून उडी टाकली, काठी उचलली आणि आरोळ्या ठोकत मागे धावला. बिबट्या थांबला. त्याने वळून पाहिलं आणि वाट सोडून गवतात बसला. उसातून मजूर जाऊ लागले की तो असाच बाजूला बसत असणार, माणूस पुढे निघून जावा म्हणून. सहादू त्याला ओलांडून खाली गेला, वाट अडवून उभा राहिला आणि घसा फाटेपर्यंत ओरडला. बिबट्या उठला आणि शांतपणे त्याच्याच दिशेने आला. काठी वर गेली तरी थांबेना. माणसाच्या आवाजाने पळायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

ह्याला भिववता येणार नव्हतं. मग ह्याच्या ओळखीचं दुसरं काय होतं? उसाला पाणी देणारं इंजिन रात्रंदिवस ह्याच्या कानाशी घरघरत आलं असणार. ट्रक चालू होता तोवर हा गाढ झोपला होता.

"निसारभाई," सहादू ओरडला, "इंजिन चालू कर. बंद नको करू."

जुनं डिझेल इंजिन खोकलं आणि घरघरू लागलं. बिबट्याने मान वळवली. क्षणभर सहादूकडे पाहिलं, खालून येणाऱ्या पोरांच्या कालव्याकडे पाहिलं, आणि मागे फिरला. चढ चढून ट्रकखाली शिरला आणि पाय पसरून आडवा झाला.

केबिनची काच सर्रकन पूर्ण वर गेली. आतून साहेबांचा आवाज कसाबसा बाहेर आला, "सहादू, हाकल त्याला!"

"ओरडून झालं, साहेब. ह्यो हाकलायचा वाघ नाय, ह्याच्या शेजारी राहावं लागतं." काठी आडवी टाकून सहादूने पाड्याच्या वाटेवरच बसकण मारली. "उतरा खाली. राहून दाखवा."